बक्षीसपत्राच्या तिसऱ्या पानावरची ओळ : लीगल एड क्लिनिकमधलं एक प्रकरण

नावं, गाव आणि कुटुंबाचे काही तपशील बदललेत. ज्यांचं हे प्रकरण आहे त्या मावशींना विचारूनच लिहितेय. कलमं आणि निकाल मात्र जसेच्या तसे आहेत.

पार्श्वभूमी

आमचं क्लिनिक तालुक्याच्या गावात आहे. संस्था चालवते, तालुका विधी सेवा समितीशी जोडलेलं. पूर्णवेळ वकील मी एकटी आणि बाकी सगळा भार पीएलव्हींवर, म्हणजे समितीने ट्रेनिंग दिलेले विधी स्वयंसेवक, ज्यांच्याशिवाय हे काम एक आठवडा चालणार नाही.

जानेवारी २०२५ च्या शेवटी एक बाई आपल्या आईला घेऊन आल्या. आई, म्हणजे या मावशी, ६८ वर्षांच्या, नवरा वारलेला. गावात चार खोल्यांचं घर, नवऱ्याने घेतानाच यांच्या नावावर घेतलेलं, म्हणजे मालकीचा प्रश्न स्वच्छ होता. ऑगस्ट २०२१ मध्ये मावशींनी ते घर मुलाला रजिस्टर बक्षीसपत्राने देऊन टाकलं. का दिलं? कोविडची दुसरी लाट नुकतीच ओसरलेली, ओळखीतली माणसं गेलेली, घरात सारखं "तुझं काही झालं तर वारसनोंद, सगळ्यांच्या सह्या, कोण धावणार" हे चाललेलं. आणि आपल्याकडे राहतं घर मुलाला, मुलीला, नातवंडांना बक्षीस द्यायचं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. सोय चांगल्या हेतूने केलीय, पण माझ्या टेबलावर तिची दुसरी बाजूच जास्त येते. खरेदीखताला निदान पैसे मोजताना माणूस दहादा विचार करतो, इथे सकाळी गेले आणि दुपारी जेवायला घरी.

पहिली दोन-अडीच वर्षं बरी गेली. २०२४ मध्ये मुलाने दुकान बंद केलं आणि घर तारण ठेवून कर्ज काढायचं ठरवलं, मावशींनी नको म्हटलं आणि तिथून बिनसलं. आधी बोलणं बंद, मग मधल्या दाराला आतून कडी, मग पुढच्या खोलीची लाइट तोडली. मावशी पडवीत स्टोव्ह मांडून स्वतःपुरतं करायच्या आणि मोबाइल शेजारी चार्ज करायच्या. बीपी-शुगरच्या गोळ्या मुलगी पाठवेल तेव्हा.

अडचण नेमकी कुणाची

पहिल्या भेटीत सगळं मुलगीच बोलली. आईला फसवलं, धमकावून सही घेतली, डीड (बक्षीसपत्र) रद्द करा, भावाला बाहेर काढा. मावशी शेजारी पिशवी मांडीवर घेऊन गप्प. मुलीने दुसरा प्रश्न विचारला तो उत्पन्नाच्या दाखल्याचा. तो लागत नाही, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. हे अजून कितीतरी जणींना माहीत नसतं आणि त्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालत बसतात.

पहिला निर्णय इथेच घ्यायचा होता. क्लायंट कोण? ऐकणारं, कळकळीने सांगणारं, कागद आणणारं माणूस मुलगी होती, पण हक्क आईचा होता आणि घर परत आईच्या नावावर आलं तर उद्या मुलीलाही हिस्सा आहे, हे ती वाईट आहे म्हणून नाही म्हणत, पण ते तसं आहेच. मी मुलीला बाहेर बसायला सांगितलं. तिला राग आला, येणारच. मग मावशींशी एकटीने बोलले, घाई न करता.

एकट्या असताना मावशी वेगळंच बोलल्या. सही कुणी धमकावून घेतली नव्हती. "मीच केली ताई, पोराला दिलं, चोराला नाही दिलं." त्यांना मुलाला घराबाहेर काढायचं नव्हतं, नातू दहावीत होता. त्यांना मधलं दार उघडं हवं होतं, लाइट हवी होती, गोळ्यांचे पैसे कुणाकडे मागायला लागू नयेत एवढं हवं होतं. मी विचारलं, आणि घर? जरा वेळाने म्हणाल्या, "नाव परत माझं लागलं तरच तो ऐकेल. नाहीतर आज उघडेल दार, उद्या लावेल."

हे वाक्य मी केसपेपरवर तसंच लिहून ठेवलं, कारण पुढे प्रत्येक वळणावर मुलगी काय म्हणते, प्रांत (उपविभागीय अधिकारी) काय म्हणतात, मला वकील म्हणून काय भारी वाटतं, या सगळ्यावर तेच ताडून बघायचं होतं.

कागद

मावशींकडे बक्षीसपत्राची झेरॉक्स होती, तीही अर्धी. मुलगी म्हणत होती त्यात काही नाहीये, नेहमीचाच मजकूर आहे. तरी दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढली आणि ओळ न् ओळ वाचली.

मजकूर खरंच नेहमीचा होता. नैसर्गिक प्रेम, आपुलकी, कोणताही मोबदला नाही, कब्जा दिला वगैरे. सांभाळ नाही केला तर बक्षीस रद्द, असं कुठेही नव्हतं. पण तिसऱ्या पानावर, चतुःसीमा संपल्यावर, असं होतं की "लिहून घेणार हे लिहून देणार यांचा आजवर सांभाळ करीत आले असून यापुढेही करतील अशी खात्री असल्याने" सदर मिळकत बक्षीस देत आहे. डीड लिहिणाऱ्याने बहुधा सवयीने टाकलेली ओळ. सगळी केस तिच्यावर उभी राहणार होती.

कारण असं आहे. ज्येष्ठ नागरिक कायदा २००७, कलम २३. साठीच्या पुढच्या माणसाने मिळकत देताना, घेणाऱ्याने मूलभूत सोयी आणि गरजा पुरवायच्या या अटीवर दिली असेल आणि त्याने त्या पुरवल्या नाहीत, तर ते हस्तांतर फसवणुकीने, जबरदस्तीने किंवा गैरवाजवी दबावाखाली झालं असं मानलं जातं आणि देणाऱ्याची इच्छा असेल तर न्यायाधिकरण ते रद्दबातल ठरवू शकतं. "मानलं जातं" हे महत्त्वाचं, फसवणूक वेगळी सिद्ध करावी लागत नाही. पण अट हवी. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात स्पष्ट सांगितलं की अशी अट होती हे अर्जात मांडायला आणि दाखवायला लागतं, नुसतं मुलगा बघत नाही म्हणून कलम २३ लागत नाही. मग २ जानेवारी २०२५ ला, म्हणजे मावशी आमच्याकडे यायच्या काही आठवडे आधीच, ऊर्मिला दीक्षित प्रकरणाचा निकाल आला. तो म्हणतो हा कल्याणकारी कायदा आहे, उदारपणे वाचा. पण त्या आईकडे मुलाने सांभाळायचं वेगळं लिहून दिलेलं वचनपत्र होतं. आमच्याकडे फक्त "खात्री असल्याने".

खात्री म्हणजे अट का? याच्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं आणि मावशींना मी तसंच सांगितलं. नक्की जिंकू असं म्हटलं नाही.

कोणते पर्याय होते

दिवाणी दावा लावून डीड रद्द करून घेणं, हा मुलीच्या वकील मित्राचा सल्ला. कागद रद्द करून मागायला मुदत तीन वर्षांची, ज्या कारणाने मागायचं ते कळल्यापासून. २०२१ चं डीड, सही स्वतःची, मजकूर माहीत. मुदतीचा मुद्दा पहिल्याच तारखेला आला असता, आणि त्यातून वाचलो तरी फसवणूक सिद्ध करायची ती अशा बाईने जी कोर्टात सरळ सांगणार की मीच केली सही. वर किती वर्षं जातील ते वेगळंच.

घरगुती हिंसाचार कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडे जाणं हा पर्याय मला स्वतःला बराच आवडत होता. लोकांना वाटतं तो फक्त सुनांसाठी आहे, पण आईसुद्धा मुलाविरुद्ध जाऊ शकते आणि राहत्या घराबद्दलचा आदेश, लाइट जोडून देण्यापर्यंतचा, अंतरिम मिळू शकतो. अडचण एकच, नाव मुलाचंच राहिलं असतं. मावशींचं ते वाक्य आठवा.

पोलिस. ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २४ आहे, ज्येष्ठांना टाकून देणं गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत शिक्षा. मावशी ऐकूनच उठायला लागल्या. तो विषय तिथेच संपला.

लोकअदालतीत दाखलपूर्व तडजोड, याला दुसऱ्या बाजूने यायला हवं. आम्ही समितीमार्फत बोलावलं, मुलगा आला नाही.

राहिलं न्यायाधिकरण, म्हणजे आपल्याकडे प्रांत ऑफिस. एकाच अर्जात कलम ५ खाली पोटगी आणि कलम २३ खाली बक्षीसपत्र रद्द, दोन्ही मागायचं ठरलं. पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाली काढायचा असं कायदा म्हणतो, रकमेला महिना १०,००० ची कमाल मर्यादा. डीव्हीचा, म्हणजे घरगुती हिंसाचार कायद्याखालचा, अर्ज हाताशी ठेवला, गरज लागली तर.

काय केलं

ड्राफ्ट करतानाच मुलीशी पहिली खरी खडाजंगी झाली. तिला अर्जात धमकावून सही घेतली असं हवं होतं, त्याशिवाय केस मजबूत होत नाही असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मी नाही लिहिलं. एक तर ते खरं नव्हतं, दुसरं म्हणजे कलम २३ ला त्याची गरजच नाही. लिहिलं ते एवढंच: राजीखुशीने दिलं, सांभाळाच्या भरवशावर दिलं, तो भरवसा डीडच्या तिसऱ्या पानावर लिहिलेला आहे आणि तो पाळला गेला नाही.

न पाळल्याचा पुरावा काय? शेजारणीचं प्रतिज्ञापत्र होतं, तोडलेल्या लाइटचे फोटो होते. पण सगळ्यात उपयोगी पडलं ते मावशींचं भिंतीवरचं कॅलेंडर. दुधाचा हिशोब लिहायच्या त्याच चौकोनांत त्यांनी "गोळी संपली", "सुमनने पाठवली" (सुमन म्हणजे मुलगी), "दार बंद" असं पेन्सिलीने लिहून ठेवलेलं, महिनोन्महिने, कुणाला दाखवायचं म्हणून नाही. आमच्या पीएलव्हीच्या ते लक्षात आलं, ती घरी गेली होती म्हणून. ऑफिसात बसून मला ते कधीच कळलं नसतं.

कर्जाची फाइल बँकेत होती, तेव्हा अर्ज दाखल झाल्याच्या पोचसकट बँकेला रजिस्टर एडीने पत्र टाकलं आणि स्थानिक पेपरात जाहीर नोटीस दिली. या दोन्हींनी व्यवहार कायद्याने थांबत नाही. पण बँकेच्या पॅनलवरचा वकील टायटल रिपोर्ट (मालकी स्वच्छ असल्याचा अहवाल) द्यायला कचरतो, आणि इथे तसंच झालं, फाइल बाजूला पडली.

मग कलम १७. न्यायाधिकरणासमोर वकिलाने पक्षकारातर्फे उभं राहायचं नाही असं या कायद्यात लिहिलंय. वकिलांना न्यायाधिकरणांसमोर उभं राहण्याचा हक्क देणारं अॅडव्होकेट्स अॅक्टचं कलम ३० हे जून २०११ पासून लागू झालंय, केरळ हायकोर्टाने २०२१ मध्ये त्याच्या आधारे ही बंदी टिकत नाही असं म्हटलंय, आणि काही ठिकाणी प्रांत वकिलांना ऐकून घेतात. आमच्याकडे पहिल्या तारखेला कारकुनानेच सांगितलं, वकील बाहेर. इथे भांडायचं की नाही? निकाल काढून उभी राहू शकले असते. पण मी उभी राहिले की मुलाचाही वकील येणार, तोही तारखा मागणार, आणि समोर मावशी बोलण्याऐवजी दोन काळे कोट बोलणार. मी बाहेर थांबले. कलम १८ प्रमाणे समाजकल्याण अधिकाऱ्याची मदत मागता येते, तसा अर्ज दिला होता, कुणी आलं नाही, मग पीएलव्ही सोबत बसली.

तयारी मात्र करून घेतली. मावशींना काहीही विचारलं की त्या लग्नापासून सुरू करायच्या. त्यांना पाठ करायला काही दिलं नाही, पाठ केलेलं लगेच कळतं. एका कागदावर मोठ्या अक्षरांत फक्त वर्षं आणि त्यापुढे एकेक शब्द लिहिला: घर, बक्षीस, कर्ज, कडी, लाइट. तो हातात धरून बोलायचं.

दुसऱ्या तारखेला प्रांतांनी थेट विचारलं, सही करायला कुणी लावली? मावशी म्हणाल्या, कुणी नाही, मीच केली. पीएलव्ही सांगत होती, मुलाच्या चेहऱ्यावर एकदम हायसं आलं. त्याला वाटलं केस संपली. अर्जात धमकीचं लिहिलं असतं तर खरंच तिथे संपली असती.

अजून एक गोष्ट झाली जी अशा छोट्या गावातल्या क्लिनिकमध्येच होते. नोटीस गेल्यावर एके दिवशी सून आमच्याच दारात. तिला कुणीतरी सांगितलं होतं इथे बायकांना फुकट वकील मिळतो. टेबलावरच्या नव्या मुलीने तिला बसवून लिहून घ्यायला सुरुवातही केली होती, आडनाव ऐकून पीएलव्हीने थांबवलं. सुनेचं म्हणणं खोटं नव्हतं, नवरा तिलाही विचारत नव्हता, घर गेलं तर दोन मुलं घेऊन ती कुठे जाणार. पण दोघींची बाजू एका टेबलावर घेता येत नाही. तिचं ऐकून घेण्याआधीच स्पष्ट सांगितलं की आम्ही समोरच्या बाजूचे आहोत, तुम्ही आम्हाला काही सांगू नका, आणि तालुका समितीकडे चिठ्ठी देऊन पाठवलं, तिथून तिला पॅनलवरची दुसरी वकील मिळाली. कलम १२ तिलाही तितकंच लागू आहे. लिहून घेतलेली अर्धी ओळ कुणी न वाचता तिच्यासमोरच फाडली.

तडजोडीचा प्रस्ताव

सुनेच्या वकिलांमुळेच बहुधा, जूनमध्ये मुलगा बोलणीला आला. पुढची खोली, लाइट, दार उघडं, महिना ३,००० रुपये, डीड आहे तसं राहील, अर्ज मागे घ्यायचा. मुलगी फोनवर ओरडत होती अजिबात घेऊ नका म्हणून. माझ्या मनात उलट चाललं होतं, कारण "खात्री असल्याने" ही ओळ प्रांतांनी अट मानली नाही तर हातात फक्त पोटगी उरणार होती, आणि हा प्रस्ताव त्याच्यापेक्षा बरा होता.

मावशींना दोन्ही बाजू मांडून सांगितल्या. मग एकच अट घातली आम्ही, मावशींच्या हयातभर राहण्याचा हक्क रजिस्टर करून द्या. मुलगा साध्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून द्यायला तयार, रजिस्टर करायला नाही. तारण ठेवताना आड येईल म्हणून, हे उघड होतं. मावशींनी तिथेच नाही म्हटलं. मला वाटतं रजिस्टर करून दिला असता तर त्यांनी घेतला असता, आणि मीही घ्या म्हटलं असतं.

निकाल

९० दिवस कधीच उलटून गेले होते, मध्ये प्रांतांची बदली, मग नवे साहेब आले त्यांनी पहिल्यापासून ऐकलं. आदेश ऑक्टोबरमध्ये झाला. तिसऱ्या पानावरची ओळ आणि प्रत्यक्षात आई-मुलगा एकत्र राहत होते ही वस्तुस्थिती एकत्र वाचून सांभाळाची अट होती असं धरलं, बक्षीसपत्र रद्दबातल, महिना ४,००० पोटगी. घर खाली करायचा आदेश नाही, आम्ही मागितलाच नव्हता. तो मागितला असता तर सुनेच्या राहण्याच्या हक्काचा प्रश्न उभा राहिला असता, कारण एस. वनिता प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्येच सांगितलंय की ज्येष्ठ नागरिक कायदा पुढे करून सुनेचा घरगुती हिंसाचार कायद्याखालचा हक्क सरसकट डावलता येत नाही.

आदेश झाला म्हणजे नाव लागलं असं नाही. सिटी सर्व्हे ऑफिसात आदेशाची प्रत देऊनही नोंद व्हायला बराच वेळ गेला, कुणी म्हणे दिवाणी कोर्टाची डिक्री आणा. लेखी कारण द्या म्हटल्यावर हललं. मुलाने कलेक्टरांकडे अपील केलंय. कलम १६ च्या शब्दांत अपिलाचा हक्क ज्येष्ठ नागरिक किंवा पालकालाच आहे, पण वेगवेगळ्या हायकोर्टांनी यावर वेगवेगळं म्हटलंय, त्यामुळे तो मुद्दा अजून लढायचाय. पोटगी दोन महिने आली, मग थांबली, वसुलीचा अर्ज दिलाय. मधलं दार उघडं आहे. लाइट आहे.

वेगळं काय करता आलं असतं

अंतरिम पोटगी पहिल्याच तारखेला वेगळा अर्ज देऊन मागायला हवी, कलम ५(२) त्याच्यासाठीच आहे. मुख्य अर्जातल्या विनंतीत एक ओळ म्हणून टाकली की ती शेवटपर्यंत ओळच राहते. डीव्हीचा अर्जही सोबतच दाखल करून लाइटचा आदेश आधी घेता आला असता. मावशींना दोन ठिकाणी चकरा नको होत्या म्हणून थांबलो, पण अंधारातले ते महिने बघता मी आज त्यांना दुसऱ्यांदा विचारलं असतं.

कलम १७ वर मी बाहेर थांबले ते या क्लायंटसाठी योग्य होतं असं अजूनही वाटतं. बोलायला अडखळणारी, कमी ऐकू येणारी किंवा घाबरलेली बाई असती तर पहिल्याच दिवशी लेखी परवानगी मागितली असती, आणि नाकारली असती तर नकारही लेखी मागितला असता.

आणि खरं तर हे सगळं २०२१ च्या ऑगस्टमध्येच टळलं असतं. डीडमध्ये सांभाळाची अट आणि हयातभर राहण्याचा हक्क असे दोन परिच्छेद जास्त घालायला पैसे पडत नाहीत. आता आमची पीएलव्ही महिन्यातून एकदा दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर डीड लिहिणाऱ्यांशी जाऊन बोलते. दोघांनी ते परिच्छेद आपल्या मसुद्यात घेतलेत, बाकीचे म्हणतात पार्टीला आवडत नाही.

नोंद लागल्यावर आठवड्यातच मुलीचा फोन आला होता, आता आईला सांगा बक्षीसपत्र माझ्या नावे करायला. मावशींना निरोप दिला. म्हणाल्या, "आता कुणालाच नाही." मृत्युपत्राचं काय, ते विचारायला त्या पुढच्या महिन्यात एकट्या येणार आहेत.